मधी टेकवायचं न्हाय

जोतीराम वर्षभर पालथा झोपत होता. शकुबाईनं आधी विचारलं, मग चिडवलं, मग कपाळाला हात लावला. सानपाड्याच्या गावठाणात पंढरीशेठच्या घरातली तळमजल्यावरची खोली ती केवढी, त्यात पलंगावर बायको आणि खाली चटईवर हा बाप्या, तोंड उशीत खुपसून आणि पाठ छताकडं करून. झोपेत कधी चुकून उताणा झाला, पाठ चटईला लागली, की दचकून उठून बसायचा.

"पाठीला काय काटं आल्यात काय?" शकुबाई म्हणायची.

"उकडतंय."

"पंखा काय भिंतीला वारा घालाय लावलाय व्हय?"

दुसरं खूळ त्या खुर्चीचं. भंगारवाल्याकडनं त्यानं एक प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्या हातांखालनं दोन लांब बांबू घातले आणि सुंभानं असे आवळले की हत्ती बसला तरी हलू नये. ती खुर्ची जिन्याखाली उभी. येताजाता सगळ्यांच्या नडग्यांना बांबू लागायचे. घरमालकीण विमलबाई एकदा वैतागून म्हणाली, "काय रं जोतीराम, कोनाची वरात काढाची हाय?"

"असू द्या काकी. लागती कधी."

"कवा लागंल?"

जोतीराम नुसताच हसला. ते हसणं काही खरं नव्हतं. पाटणकडचा तगडा गडी, तुर्भ्याच्या धान्यबाजारात हयात गेलेली, खांदे दरवाज्याएवढे. आता वर्षभरात त्याच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं. बाजाराला जायचा जवळचा रस्ता सोडून तो लांबच्या वाटेनं वळसा घालून जायचा. का, तर म्हणे पाय मोकळे होतात. दिवसभर गोण्या वाहणाऱ्या माणसाला पाय मोकळे करायची हौस. आता यावर कोण विश्वास ठेवणार?

खरं काय ते बाजारात कळायचं, आणि तेही फक्त त्याला. ट्रकच्या हौद्यातनं दोघं गडी गोणी उचलून पाठीवर सोडत. गोणी पाठीवर पडली, तो कमरेत वाकला, की मानेमागं ऊन श्वास यायचा. तांदळाच्या गोणीला कुठला आलाय श्वास? पण यायचा. आणि कानाशी बारीक आवाजात कुणीतरी म्हणायचं, "टेकव मला, जोती."

मग तो पळायचा. गाळ्यातल्या थप्पीपर्यंत अक्षरशः पळत जायचा. बाकीचे हमाल हसायचे, गाडी चुकतीय काय म्हणायचे. टोळीचा मुकादम बाजीराव मात्र हसायचा नाही. तो धक्क्यावर उभा राहून बघायचा.

बाजीराव त्याच्या गावचाच. जोतीरामला बाजारात आणला त्यानंच, शेजारची खोली मिळवून दिली त्यानंच, पाठीवर पहिली गोणी ठेवली तीही त्यानंच. पहिल्या दिवशी धडा दिला होता. "हे बघ, वझं एकदा घेतलं की मधी टेकवायचं न्हाय. टेकवलं तर परत उचलाय दोन गडी लागत्यात, मागची रांग तटती, आन् व्यापाऱ्याम्होरं टोळीची शोभा हुती. मधी टेकवत्यात ती फकस्त तिरडी. इसाव्याला." गावच्या ओढ्याकाठी विसाव्याचा दगड होता. मसणवटीत जाताना तिरडी तिथं टेकवायची, दगडावर तांदूळ वाहायचे, पुढचे खांदेकरी मागं जायचे आणि मागचे पुढं यायचे. जोतीरामनं तो धडा हाडात मुरवून घेतला. गेल्या वर्षी श्रावणात तोच धडा त्यानं बाजीरावच्या बायकोवर चालवला.

चांगुणाबाईला दम्याचा जुना त्रास. त्या दिवशी वरनं पाऊस आणि खालनं खाडीचं भरतीचं पाणी, गावठाणात कमरेएवढं चढलं. रस्ते दर वर्षी उंच होत गेले, घरं होती तिथंच राहिली, मग पाणी जाणार कुठं? चांगुणाबाईला श्वास पुरेना. अँब्युलन्स हायवेच्या पुलाखाली येऊन थांबली, पुढं पाण्यात उतरणं तिला शक्यच नव्हतं. तेव्हा जोतीराम आपणहून म्हणाला, "द्या माझ्या पाठीवर." आणि त्यानं तिला घेतली ती गोणी घेतात तशी, कमरेत वाकून, तिची छाती आपल्या पाठीच्या कण्यावर दाबून, तिचे दोन्ही हात पुढं ओढून गच्च धरून. त्याला उचलायची दुसरी तऱ्हा येतच नव्हती. पुढं बाजीराव बांबूनं गटारांची उघडी झाकणं चाचपत चालला होता. पावसाच्या आवाजात त्याला मागचं काही ऐकू येत नव्हतं.

चांगुणाबाई म्हणाली, "टेकव मला, जोती." तो म्हणाला, "आलंच वैनी." ती थोड्या वेळानं परत म्हणाली. तो परत म्हणाला, "आलंच की." जिवंत माणसाला मधे टेकवायचं म्हणजे अपशकुनच, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. मग ती काही बोलली नाही. पुढं एका ठिकाणी तिचं वजन बदललं. ओझी वाहणाऱ्याला ते कळतं. त्यालाही कळलं. तरी तो चालतच राहिला.

पुलाखाली अँब्युलन्समधल्या डॉक्टरनं खूप खटपट केली, छाती दाबली, ऑक्सिजन लावला. घाम पुसत त्यानं नुसतं विचारलं, "असं वाकून आणलं?" जोतीरामनं मान हलवली. डॉक्टर पुढं काही बोलला नाही, आणि ते न बोलणंच जोतीरामला लागलं. रस्ते पाण्याखाली, म्हणून मयत इस्पितळातनं गाडीनं परस्पर स्मशानात गेलं. खांदा नाही, विसावा नाही. आणि त्याच गणपतीत मंडळानं पुरात मदत करणाऱ्यांचे सत्कार केले, तेव्हा पहिलं नाव जोतीरामचं. शाल कुणी घातली? बाजीरावनं. स्वतःच्या हातानं त्याच्या पाठीवर घातली आणि माइकवर म्हणाला, "ह्यानं माझ्यासाठी जिवाची पर्वा केली न्हाई." जोतीरामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शाल ट्रंकेत तळाला गेली. शकुबाईनं थंडीत काढली तर तो तिच्यावर एवढा खेकसला की तिनं परत तिला हात लावला नाही.

बाजीरावनं एकदाच विचारलं होतं, दहाव्याच्या दिवशी. "काय म्हणाली का रं ती? पाठीवर असताना?"

"न्हाय दादा. शांत व्हत्या."

आणि या वर्षी पुन्हा श्रावण. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर पाऊस असा कोसळला की सकाळी शकुबाईनं पलंगावरनं पाय खाली सोडला तो थेट पाण्यात. चटईवर जोतीराम नव्हता. तो आधीच उठून गॅसची टाकी ओट्यावर चढवत होता.

"मला उठवायचं न्हाय व्हय?"

"उठलीस न्हवं? पिठाचा डबा घे."

भरती चढायला लागली तसं गावठाण कामाला लागलं. एरवी भाडेकरू आणि मालक यांच्यात पाण्याच्या मोटरवरनं रोजची कटकट, पण त्या सकाळी वरच्या मजल्यांचे दरवाजे उघडे. खालच्यांच्या गाद्या, पोरांची दप्तरं, धान्याच्या टाक्या, सगळं विमलबाईच्या दिवाणखान्यात. पौर्णिमेच्या नारळाला लावायचा सोनेरी कागद तिनं टीव्हीवर फेकला आणि लग्नाचं पातेलं चुलीवर चढवलं. "भात टाकलाय. उपाशी कोनी राव्हाचा नाय," एवढं बोलून ती डाळ धुवायला बसली. तिचा मुलगा हरेश आणि त्याचे दोस्त विजेच्या खांबांना दोर बांधत सुटले, धरून चालायला. म्हातारा पंढरीशेठ जिन्यात उभा राहून पाण्याकडं बघत होता. "आमची शेती होती ना, तवा बांधाच्या दारातशी, उघाडीतशी, पानी येवाचा न् जावाचा," तो म्हणाला. "आता येताय. जात नाय."

बाजीराव आपल्या खोलीतली तांदळाची गोणी पाठीवर घेऊन जिना चढत होता. साठी ओलांडलेला माणूस, मुकादम झाल्यापासनं गोणीला हात न लावलेला, पण आपलं सामान दुसऱ्यानं उचललेलं त्याला खपायचं नाही. अर्ध्या जिन्यात तो थांबला. मग गोणी पाठीवरनं घसरली, पायरीवर आपटली, उसवली आणि तांदूळ खाली पाण्यात गेले. बाजीराव पायरीवर बसला. पावसानं भिजलेल्या तोंडावर घामही दिसत होता. डावा हात छातीशी धरला होता.

"काय झालं दादा?" जोतीराम पाण्यातनं जिन्याकडं धावला.

"वझं टेकवलं रं मधीच," बाजीराव म्हणाला. त्याला त्याचीच लाज वाटली होती.

हरेशनं फोन लावला. पलीकडच्या बाईनं नीट विचारून घेतलं. गाडी हायवेच्या पुलाखालपर्यंत येईल, पेशंटला अजिबात चालवू नका, आडवं करू नका, बसवूनच आणा, असं तिनं सांगितलं. पुलाखाली. म्हणजे गेल्या वर्षीचीच वाट.

बाजीरावनं मान वर केली. "जोत्या. घे पाठीवर. चल."

"पाठीवर न्हाय."

"मग काय डोक्यावर घेतुयास?"

जोतीरामनं जिन्याखाली बुडालेली खुर्ची ओढून काढली. बांबूंवरचं पाणी निथळत होतं. विमलबाई वरनं बघत होती, आज तिनं वरातीची चेष्टा केली नाही. बाजीराव मात्र त्या कळेतही म्हणाला, "म्या काय नवरदेव हाय?"

"बसा दादा. पाया पडतो."

त्यानं पुढचे दांडे खांद्यावर घेतले, मागचे हरेशनं. शकुबाईनं बाजीरावच्या डोक्यावर प्लास्टिकचं कापड टाकलं.  

गल्लीतनं मोठ्या रस्त्याच्या खोलगट भागात आले तसं पाणी मांडीवरनं कमरेला भिडलं. दोराला एक हात, दांड्याला एक हात. पाणी काळं, वर तरंगणाऱ्या चपला आणि थर्माकोल. जोतीरामला पायाखालचा रस्ता पाठ होता, म्हणून काय झालं, गेल्या वर्षीही पाठच होता. मानेमागं श्वास होता. या वेळी तो खरा होता, बाजीरावचा, तुटक आणि शिट्टीसारखा. पण त्याच्या अंगाला फरक कळेना. पाठ थंड पडली होती आणि मान तापली होती. मागं वळून बघितलं तर खुर्चीत कोण बसलेलं असेल याची त्याला खात्री वाटेना, म्हणून तो वळला नाही.

"काका, बोलत राहा ना," हरेश मागनं म्हणाला. "टेन्शन नको घेऊ. गाडी येईल."

बाजीरावनं नुसता हात हलवला. एक टेम्पो रस्त्यात बंद पडून आडवा झाला होता, त्याला वळसा घालताना खुर्ची कलली, सावरली. आणि मग पावसातनं अगदी बारीक आवाज आला.

"टेकव जरा, जोती."

"दोन मिनिटं काका," हरेश म्हणाला, "आलंच."

जोतीराम जागच्या जागी थांबला. एवढा अचानक की हरेशची छाती खुर्चीच्या पाठीवर आदळली.

"काय झालं? चल ना. पूल दिसतोय."

"टेकव."

"अरे इथं कुठं टेकवतो? पाणी बघ किती आहे."

"टेकव म्हनतुय न्हवं तुला."

टेम्पोचा हौदा पाण्याच्या वर होता. दोघांनी खुर्ची उचलून त्यात ठेवली. जोतीराम चढला, बाजीरावला खुर्चीतनं हौद्यात बसता केला आणि मागं गुडघ्यावर बसून त्याची पाठ आपल्या छातीशी ताठ धरली. शर्टाची बटणं तोडली. बाजीराव तोंड उघडून हवा गिळत होता. हळूहळू शिट्टी कमी झाली. जीव जाईल की राहील ते अजून कुणाच्या हातात नव्हतं, पण श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता. जोतीराम आपल्या छातीवर तो मोजल्यासारखा ऐकत बसला.

"मी बघून येतो गाडी आली का," हरेश म्हणाला आणि दोर धरून पुढं गेला.

टेम्पोच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. दोघांशिवाय रस्त्यात कुणी नव्हतं.

"जोत्या," बाजीराव म्हणाला. त्याचा चेहरा जोतीरामला दिसत नव्हता, फक्त पांढऱ्या केसांचा भिजलेला मागचा भाग दिसत होता. "म्या टेकव म्हनलं आन् तू लगीच टेकवलंस."

जोतीरामनं त्याची पाठ अजून ताठ धरली.

"पोरगं म्हनलं आलंच, तर अंगावर गेलास त्याच्या."

"बोलू नगा दादा. दम लागंल."

"ती म्हनाली हुती का? टेकव म्हून?"

नाही म्हणणं सोपं होतं. दहाव्याला म्हणालाच होता. आत्ता तर नाही म्हणायला चांगलं निमित्तही होतं, छातीत कळ आलेल्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही. पण बाजीरावची पाठ त्याच्या छातीला लागलेली होती, आणि आतलं काळीज कसं धडधडतंय ते बाजीरावला न सांगता कळत होतं.

"व्हय," जोतीराम म्हणाला.

बाजीरावनं हवा गिळली. "एकदा?"

"दोनदा."

"आन् तू?"

"म्या म्हनलं, आलंच वैनी." मग त्याला राहवलं नाही. "तुमी शिकवलं तसंच केलं दादा. दुसरं काय येतंय मला?" एवढं बोलून तो रडायला लागला. आवाज न करता, कारण छाती हलली तर बाजीरावला त्रास झाला असता.

हरेश पाणी कापत परत आला. "आली, गाडी आली. स्ट्रेचर घेऊन माणूस उतरलाय."

जोतीरामनं डोळे पुसले. बाजीराव वळला नाही. "उचल," एवढंच म्हणाला. दोघांनी त्याला परत खुर्चीत बसवून दांडे खांद्यावर घेतले.

पुलाच्या अलीकडं बंद पडलेलं दूध केंद्र लागलं. जोतीरामनं तिकडं बघितलं नाही. अँब्युलन्सवाल्यांनी बाजीरावला खुर्चीतनं तसाच बसता उचलून आत घेतला. दार लागताना बाजीरावनं एकवार बघितलं, ते कुणाकडं ते जोतीरामला कळलं नाही. खांदे मोकळे झाले, पण पाठीवरचं काही उतरलं नाही.

बाजीराव वाचला. इस्पितळात काळजाच्या नळीत जाळी बसवली. जोतीराम रोज डबा घेऊन जायचा आणि वॉर्डच्या दाराबाहेर शकुबाईच्या हातात द्यायचा. ती आत जायची.

"तुमास्नी का बलवत न्हाईत ते?" ती विचारायची.

"झोपत असतील."

"तुमी गेल्यावरच कशी झोप लागती त्यांस्नी?"

एके दिवशी त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "येवढं वरीस एकट्यानंच वागवलंसा," आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली. त्यानं अंग चोरलं. तिनं हात मागं घेतला.

बाजीराव घरी आला, मग गाळ्यावर येऊन बसायला लागला. हिशेब दुसऱ्याकडं, काम दुसऱ्याकडं, हा नुसता धक्क्यावर स्टुलावर. सगळ्यांशी बोलायचा, जोतीरामशी नाही. शेजारच्या खोलीतनं दिवसरात्र त्याचं खोकणं ऐकू यायचं, पण दारात गाठ पडली की मान फिरवायचा. टोळीत कुजबुज सुरू झाली. जीव वाचवला त्याच्याशीच अबोला, काय माणूस म्हणावा हा? जोतीराम ऐकून घ्यायचा. गोणी पाठीवर पडली की आवाज यायचाच, आणि तो पळायचाच.

बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाजीराव स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून उभा होता.

"चल," तो म्हणाला. "जागा दाव."

कुठली जागा, हे जोतीरामनं विचारलं नाही. पायात चपला घातल्या. ऊन पडलं होतं, रस्त्यात रिक्षा, भाजीच्या गाड्या, पोरं सायकली खेळत होती. कमरेएवढ्या उंचीवर भिंतींना चिखलाची रेघ राहिली होती. बाजीराव पुढं चालला होता, त्याला जमेल तसं, आणि जोतीराम मागं. वर्षानंतर तो त्या वाटेनं ओझ्याविना जात होता. दूध केंद्राशी तो थांबला.

"हितं," तो म्हणाला. "पहिल्यांदा हितं म्हनाल्या. दुसऱ्यांदा म्होरं, त्या खांबापाशी."

केंद्राचं शटर गंजलेलं होतं. पुढं सिमेंटचा उंच ओटा. बाजीराव त्या ओट्याकडं बघत राहिला.

"ह्यो ओटा तवा पान्यात हुता?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला. "कोरडा हुता."

बाजीरावचा जबडा हलला. जोतीरामला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण बाजीराव वाकला, रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि ओट्यावर ठेवला. सदऱ्याच्या खिशातनं मूठभर तांदूळ काढून दगडावर वाहिले. अर्धे जोतीरामच्या हातात दिले. जोतीरामनं वाहिले. रिक्षावाला वळून बघत गेला.

"बस," बाजीराव म्हणाला.

दोघं दगडाच्या दोन बाजूंना बसले. चिमण्या येऊन तांदूळ टिपायला लागल्या, कुणी हाकललं नाही.

"म्या माफ केलं आसं समजू नगंस," बाजीराव म्हणाला.

"न्हाय दादा."

"तुला न्हाय, आन् मलाबी न्हाय. ते मधी टेकवायचं न्हाय म्हनून शिकवलं कुनी? म्या." त्यानं ओट्यावर हात फिरवला. "लई सोसली रं ती. माझ्याबी नादानं पळतच ऱ्हायली जलमभर. म्या तिला टेक म्हनलं न्हाई कधी."

चिमण्यांनी तांदूळ संपवले. बाजीराव गुडघ्यावर हात टेकून उठला आणि धोतर झटकलं.

"इसावा झाला," तो म्हणाला. "आता तू म्होरं हो."

जोतीराम पुढं झाला. बाजीराव मागं. गावठाणाच्या दिशेनं थोडं चालून झालं, आणि जोतीरामच्या मानेमागं दम लागल्याचा आवाज यायला लागला. त्याची पाठ आखडली, पाय पळायला निघाले. मग तो थांबला आणि मागं वळून बघितलं. मागं बाजीरावच होता, तोंड उघडून श्वास घेत.

"टेकायचं का, दादा?"

"टेकू की वाईच," बाजीराव म्हणाला, आणि दोघं तिथंच रस्त्याच्या कडेला बसले.